आपल्या दोघींचे दंड

विष्णुपुरी, हॉस्टेल

आदरणीय पंचशीलाआत्यास,

ज्योत्स्नाचा सविनय जय भीम. गुडघे कसे आहेत? गोळ्या खाऊन राहिलीस की उशाखाली जमवून राहिलीस? मी जिवंत आहे (मधे घरच्यांनी आशा सोडली होती).

झालं असं, सुट्टीत कंधारला गेले. थंडीनं अंग फुटलं म्हणून आई तेल चोळत होती, तर दंडावर तिच्या हाताला बारीक दाणे लागले, किसणीसारखे खरखरीत. आईचा हात तिथंच थांबला. पंचशीलाचं पोरीला लागलं म्हणाली आणि रडायलाच बसली. बाबांनी (एरवी विज्ञानाशिवाय बोलत न्हाईत) माझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगला. मग उपचार सुरू. पाय घासायच्या वजरीनं घासलं, लिंबाचा पाला चोळला, कुणी सांगितलं म्हणून गंधक फासला. दाणे होते तिथंच, कातडी तेवढी गेली. रक्त बघून बाबा म्हणे, रोग बाहेर निघून राहिला. कपाळ माझं! जेवायला बसले तर फळीवरून माझ्यासाठी तुझं ताट काढलेलं. तू गावाहून आलीस की तुला वाढतात, तेच. आत्या, मी ताट सारून उठले गं. ज्यांच्या आज्याला हॉटेलात कपबशी वेगळी होती, त्यांच्या घरात हे! लई राग आला आणि रडूही आलं.

शेवटी नांदेडला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाबा तोंडाला रुमाल बांधून. बाईंनी उघड्या हातानं दंड चाचपला आणि हसल्याच. म्हणाल्या, हा रोगच न्हाई. केसांच्या मुळाशी कातडीचा कोंडा अडकतो, त्याचे हे दाणे. कितीतरी लोकांना असतात. एकाचे दुसऱ्याला लागत न्हाईत, घराण्यात चालत येतात. घासणं बंद करा, मलम लावा. मग विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? बाबा म्हणाले, कुणाला न्हाई. मी म्हणाले, हाय. माझ्या आत्याला. याच्यावरूनच तिला नवऱ्यानं माहेरी आणून टाकलं. बाई हसायच्या थांबल्या. बाबांनी तोंडावरचा रुमाल सोडून खिशात घातला.

तुझी खरखरीत भाची,
ज्योत्स्ना

ता. क. : हे फोनवर चुटकीसरशी सांगता आलं असतं. पण फोन तू एकटीच ऐकतेस आणि 'बरं बाई' म्हणून ठेवून देतेस. पत्र आलं की मात्र शेजारची सालेहाचाची ओट्यावर बसून तुला वाचून दाखवते, आणि तिचा आवाज पार नळापर्यंत जातो. त्याच नळावर बाया अजून तुझी घागर सगळ्यांच्या शेवटी लावायला लावतात.

आणखी एक : सालेहाचाची, सलाम. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते परत एकदा वाचा. आता उभं राहून, नळाकडं तोंड करून.