हळदीच्या सुताचे दोन तुकडे

ठाकुर्ली, श्रावण शुद्ध दशमी, शके १८११

प्रिय मालन,

पत्राबरोबर एक पुडी आहे. आधी पत्र वाच, मग पुडी सोड. औषध नाही त्यात, घाबरू नकोस. तीन वर्षं तू या दारात पाऊल टाकलं नाहीस, त्यात तुझी काही चूक नाही. इकडे तुझी काळी शेळी व्याली, दोन करडं झाली. औषधाला लोक अजून येतात. पुड्यांवर नावं लिहायला तुला अक्षरं शिकवली होती, आता ती मीच खरडतो.

तुझ्या आईच्या छातीत गाठ झाली तेव्हा मी केवढ्या तोऱ्यात होतो! ठाण्याचा डॉक्टर कापून काढू म्हणाला, तर मी त्यालाच हसलो. माझं म्हणणं एकच: गाठ गोडावर वाढते. गोड तोडा, वर कांचनाच्या सालीचा काढा आणि ओली हळद द्या, ती उपाशी मरेल. तुझ्या आईने, बिचाऱ्या आवडाबाईने, वटपौर्णिमेपासून गूळ सोडला, भातही सोडला. दर पौर्णिमेला मी हळदीत बुडवलेलं सूत गाठीभोवती धरायचो आणि मापाचा तुकडा कापून डबीत ठेवायचो. डबी दुसऱ्या कोणी उघडायची नाही, ही आपल्या घराण्याची रीत. मला ती फार सोयीची पडली.

नारळी पौर्णिमेला तू माहेरी आलीस. आईची नुसती हाडं राहिली होती. तू तिला चुलीपाशी बसवून नारळीभात भरवलास, ते मी दारातून पाहिलं. दिवाळीआधी ती गेली. दहाव्याला सगळ्या भावकीसमोर मी म्हणालो, पोरीने गूळ चारला म्हणून गाठ माजली. तू पदर तोंडाशी धरून उभी राहिलीस.

आता पुडी सोड. लहान तुकडा वटपौर्णिमेचा, मोठा आषाढी पौर्णिमेचा. तू आलीस श्रावणात. त्याच्या महिनाभर आधीच, गुळाचा कणही पोटात नसताना, गाठ वाढली होती, आणि मला ते ठाऊक होतं. तुझी आई विचारायची तेव्हा उतरतेय म्हणून सांगायचो, आणि ती आणखी उपाशी राहायची. तेव्हाच आगगाडीत बसवून ठाण्याला नेली असती तर वाचली असती का, देव जाणे. मी माझी अब्रू तेवढी वाचवली, तुझ्या माथी खापर फोडून. तो भात खाताना ती हसली होती गं. त्या दिवसांत तेवढंच सुख तिला मिळालं, तेही तुझ्या हातून.

परवा जावईबापू मोहन्याहून येऊन गेले. बोलता बोलता म्हणाले, मालनने तेव्हापासून गूळ तोंडात घातलेला नाही. लहानग्या नंदालाही देत नाही, रोज तिचं अंग चाचपून गाठ शोधत बसते. ते ऐकलं, म्हणून हे लिहिलं. मला माफ करू नकोस. पाच दिवसांनी नारळी पौर्णिमा आहे. गूळ घालून भात कर, पोरीला पोटभर वाढ, आणि आईच्या नावाने पहिला घास तू खा.

तुझाच अपराधी,
बा