एकच गळा

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! नाटकांतून दरवानाची कामं करून गुडघे गेले, आता थेट रेडिओ केंद्रात! राहायला दोन खोल्या, नळाला दिवसभर पाणी. बायकोने आल्या आल्या खिडक्या पुसल्या, चिमीने गॅलरीत बाहुल्यांचं बिऱ्हाड मांडलं. संचालक गोड बोलणारे. त्यांनी देशावर राज्य करणाऱ्या घराण्याचं तत्त्व समजावलं: थोरले साहेब, मग त्यांचे चिरंजीव, आता नातू. देह तीन, गळा एकच. आवाज रक्तातून उतरतो, म्हणून सत्ताही रक्तातूनच उतरते. मी मान डोलावली. मग हळूच म्हणाले, धाकट्या साहेबांचा आवाज जरा चिरका आहे, तेव्हा त्यांची भाषणं त्यांच्या नावाने तुम्हीच वाचायची. मला हसू फुटलं. त्यांना नाही.

९ मार्च
पहिलं भाषण झालं. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला चक्क डोळे पुसत होता. बायको सांगत आली, अहो, भाजीवाली रेडिओपुढे हात जोडून उभी! नटाला आणखी काय हवं? नाव कुठे येणार नाही, एवढीच रुखरुख.

१७ मार्च
संचालकांनी बजावलं, केंद्राबाहेर हा आवाज काढायचा नाही. एक गळा दोघांना कसा असेल? माझा तर जन्मापासून हाच. घरात कुजबुजतो. बायको म्हणते, बरं झालं, लग्नानंतर पहिल्यांदाच माझं ऐकून घेताय.

२४ मार्च
सकाळी आवारात कर्ण्यावर भाषण लागलं. सगळी बिऱ्हाडं उभी. चिमीने टाळ्या पिटल्या आणि ओरडली, माझे बाबा! माझे बाबा बोलतायत!
कुणी हसलं नाही. शेजारच्या वहिनींनी आपल्या मुलांचे कान झाकले.

२५ मार्च
चिमी शाळेतून उशिरा आली. बाई तिला वेगळ्या खोलीत घेऊन बसल्या होत्या म्हणे. जेवताना मला काका म्हणाली. बायकोने दटावलं, तर शांतपणे म्हणाली, बाबा रेडिओत असतात.


२८ मार्च
राजीनामा द्यायला गेलो. संचालकांनी चहा पाजला. म्हणाले, जा की, पण गळा ठेवून जा. मग नवं भाषण पुढे सरकवलं. देशाला बाप एकच. साहेबांच्या आवाजात बोलणारा दुसरा कुणीही तोतया. तो घरात असेल तर घरच्यांनीच दार उघडून त्याला—
वाचलं. चांगलं वाचलं. तेवढंच येतं मला.

३० मार्च
बायको डोळ्यांत बघत नाही. एकच विचारलं, तोतयाच्या मुलीचं काय करतात?
माहीत नाही. भाषणात ते वाक्य नव्हतं.

३१ मार्च
कर्णा लागलाय. माझंच भाषण. बाहेर बूट वाजतायत— चिमी आईच्या पदरात तोंड खुपसून— मी बायकोला म्हणतो, थांब, उघडू नकोस— कर्ण्यातून मीच म्हणतोय, उघडा— ती दोन्हीकडे बघते— अगं, मी, हा मी इथला— ती कडीला हात