हौसाच्या मडक्यातला वाल

गागोदे बुद्रुक
रविवार, सकाळ

प्रिय समीक्षा बाय,

परवा फोनवर तू वाल मागितलास आणि मी ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, बाबाला ऐकू कमी येतं. कान माझे चांगले हायत. सगळं ऐकलं. कंपनीत नवा साहेब आलाय, बंद पडलेलं काम पुन्हा सुरू होतंय, तुझे युनिव्हर्सिटीतले मोठे सर खूश हायत. फक्त तुमच्या फ्रीजमधला वाल काय केल्या उगवत नाय, म्हणून आईच्या वालाची एक ओंजळ पाहिजे. दिवाळीला येऊन मीच काढून घेते म्हणालीस. फोनवर मला धड बोलता येत नाय गो, म्हणून पत्र. अक्षराला हसू नको.

चार वर्षांमागं वैशाखात दोन गाड्या आपल्या अंगणात उभ्या राहिल्या, तो दिवस मी विसरायचा नाय. तू, तुझे सर आणि कंपनीची ती गॉगलवाली मॅडम. पाऊस गेल्यावर नुसत्या दवावर वाढणारा, कीड न लागणारा वाल म्हणून सर दाणे हातात घेऊन बघत बसले. तुझ्या आईला, हौसाला वाटलं, आता पूजाच करतात की काय! मॅडमनं कागद भरला, ‘वाण राखणारा शेतकरी : महिपती.’ तुझी आई पदर तोंडाला लावून हसत होती. सगळी वर्षं दाणे निवडले तिनं, राखेत घोळवले तिनं, आणि नाव लागलं माझं. मीही लेकाचा मान ताठ करून फोटोला उभा राहिलो.

त्या वर्षी अवकाळीनं सगळं पीक झोपवलं होतं. मडक्यात होतं तेवढंच बी. सर म्हणाले, तपासणीला एवढं तरी लागेलच. आपल्या घरची रीत तुला माहीत हाय. कुणालाही बी द्यावं, पण मडकं उपडं करू नये, तळाला ओंजळभर राहिलंच पाहिजे. मी डोळ्यानं खुणावलं तिला. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय, सरळ मडकं उपडं केलं. तुम्ही गेल्यावर मी भडकलो, तर म्हणते, लेकीला काय मोजून द्यायचं? कार्तिकात दुप्पट आणून देते म्हणालीय ती.

कार्तिकात तुझा फोन आला. तू रडत होतीस. कंपनीशी केलेला करार संपेपर्यंत प्रयोगशाळेतला एक दाणासुद्धा बाहेर नेता येत नाय म्हणालीस. आईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि तुलाच समजावलं, की रडतेस काय वेडे, खांब गावच्या मैनामावशीला मी मागं बी दिलं होतं, तिच्याकडून आणलंय, पेरूनही झालं. तुझा आवाज लगेच मोकळा झाला. मग दर वर्षी तू विचारायचीस, वाल कसा हाय, आणि ती सांगायची, झकास हाय.

दोन वर्षांमागं तू प्रयोगशाळेतली पोरं घेऊन वालाच्या शेंगांची पोपटी खायला आलीस. अंगणात शेंगा भरून मडकं जाळात लावलं, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटला. शेंगा सोलता सोलता तू त्या पोरांना म्हणालीस, ही आमच्या आईच्या वालाची चव, जगात कुठं मिळायची नाय. तेव्हा आई पाणी आणायच्या निमित्तानं उठली आणि बराच वेळ आली नाय. तू विचारलंस, मी म्हटलं, धूर गेला डोळ्यात.

बाय, आता ऐक. धूर नव्हता तो. त्या शेंगा मी कोलाडच्या बाजारातून आणल्या होत्या. पेणला ओळखीचं कुणी बघेल म्हणून मुद्दाम तिकडं गेलो. मैनाकडं वाल नव्हताच. आई एसटीनं खांबला गेली, तर मैना म्हणाली, आम्ही केव्हापासून दुकानातलंच बी लावतो. रिकामी पिशवी घेऊन ती परत आली आणि मला तुझी शपथ घातली, समीक्षाला कळता कामा नये, पोरगी माहेरी यायला लाजेल. दर कार्तिकात ती वालाचा तुकडा नांगरून घ्यायची, दुसरं काय लावू द्यायची नाय. तुझा वाल यायचाय म्हणायची. या भादव्यात ती आपल्याला सोडून गेली, तोवर तो तुकडा तसाच होता.

शपथ मोडतोय. तुला शिक्षा म्हणून नाय गो. चूक असेल तर माझी, कागदावर राखणारा म्हणून माझं नाव हाय, तसंच सांग सरांना. पण माळ्यावरचं मडकं तिनं दर दिवाळीआधी नुसती नवी राख भरून, फडकं बांधून ठेवलंय, यंदा मी ठेवलं. तू येशील, हसत फडकं सोडशील आणि कोपरापर्यंत हात घालून दाणे चाचपडत बसशील. ते माझ्यानं बघवायचं नाय. दिवाळीला ये. नक्की ये. पण मडक्यात हात घालू नको.

तुझाच,
बाबा