वहिनीनं बिळात घातलेला हात

गुरुवार, दिवेलागण

वहीबाई, तू काहीबी म्हण, वहिनी माहेरी निंघून जाणार नाही! तू तिचा आजचा हात पाह्यला नाहीस.

दादा खाडीकडं नोकरीले होता, तिथलीच पोरगी करून आणली. इथं आमच्या मानोऱ्यात आल्यापासून गुमसुम. कालच आईले म्हणे, "मला घरी जायचंय."

आज आई, वहिनी अन् मी तलावावर गेलो. पाणी हटलं, गाळ उघडा, गाळात बिळं. वहिनीनं पदर खोचला अन् सरळ खांद्यापर्यंत हात आत!

"अवं पोरी, काढ हात!" आई बोंबलली. "साप राह्यते त्यात!"

"आई, आमच्याकडं निवटी मासा असाच धरतात. बिळाला दोन तोंडं असतात. इकडून हात घातला की तिकडून उडी मारतो. चिखलावर चालतो पण."

"मासा चालते? मंग आमच्या म्हशी उडत असतीन!"

वहिनी हसली. इथं आल्यापासून पहिल्यांदा. हात बाहेर आला तो खांद्यापर्यंत काळा, अन् बोटाले खेकडा लटकलेला! कथेत असं लिहिलं असतं तर मीच खोडलं असतं.

कोणाले चुलीजवळ फिरकू न देणारी आई म्हणे, "रस्सा आज तूच कर. तुमच्याकडचा."

एका खेकड्यानं माणूस रमते काय? पण कोपराजवळचा चिखल तिनं अजून धुतला नाही, अन् स्वयंपाकघरातून मले ओरडून राह्यली, "भावजी, नारळ आणा!"

एका नारळावर कायले उडून राह्यला, म्हणशील. म्हण. मी चाल्लो दुकानात.