पदराखालचं माप

सोलापूर, कार्तिक

प्रिय बिरप्पा,

पत्राच्या तोंडाला 'प्रिय' घालायचं हे तूच शिकवलंस, म्हणून घातलं. तू पहिलीत असताना तुझ्या पाटीवर जेवढी अक्षरं गिरवली, तेवढ्यावरच माझं चाललंय. जोडाक्षर चुकलं तर हसू नकोस. तुझ्या चित्रात त्याहून मोठी चूक हाय.

चित्र पोचलं. खाली 'माझी आई' लिवलंयस म्हणून कळलं, न्हायतर पोटची लेक असून मी वळखली नसती. शेजारची सुंदरम्मा मागावरनं उठून बघाय आली आन् म्हणाली, ही कुटली राणी? डोळे कपाळात चढलेले, तोंड शेळीगत लांब. माझी मायाक्का राणी नव्हती रे. दिवसभर लोकर पिंजून नाकाला केस चिकटलेली पोरगी होती. तू सहा महिन्यांचा असताना मानमोडीच्या तापात तीन दिवसांत गेली. तुला तिचं तोंड ठाऊक असणार तरी कसं? जेऊरला जाऊन बापाला इचारलंस, तर तो म्हणाला आठवत न्हाय. पुरुषाला भाकरी आठवते, थापणारी न्हाय.

तुझ्या चित्रशाळेतल्या मास्तरांचा नियम पत्रात वाचला. टाळूपासनं हनुवटीपर्यंत बरोबर निम्म्यावर डोळे, दोन डोळ्यांच्या मधे एका डोळ्याची जागा. आधी मी हसले. मी दीडशे मेंढरं तोंडावरनं वळखते, मला कुणी निम्मं शिकवलं न्हाय. मग केरसुणीची काडी मोडून चित्रावर ठेवली. मास्तर खरा हाय. तूच निम्मं धरलंस ते पदराच्या टोकापासनं. पदराखाली केस, केसांखाली डोकं, हे इसरलास. वर दोन बोटं जास्त आली आन् डोळे चढले. पण तुला बोल तरी कसा लावू? आपल्यात बाईचं उघडं डोकं तू कवा बघितलंस? सतरा वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, माझं सुद्धा बघितलं न्हाईस.

हिकडं काळी मेंढी व्याली, दोन कोकरं हायेत, एक तुझ्यागत हट्टी. दसऱ्याला माझा शेवटचा दात पडला. आता भाकरी कालवून खाते आन् शिव्या मात्र सुखानं देते.

आता खरं लिवते. लहानपणी तू इचारायचास, आईचा फोटो का न्हाय? मी म्हणायची, तवा फोटोवाला कुटं होता! होता रे. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत पडदा लावून बसलेला. तू पोटात होतास. मायाक्का हौसेनं जाऊन पडद्याम्होरं उभी राहिली, पदर नीट केला, ओठ मिटून हसू दाबलं. फोटोनं आयुष्य कमी होतं म्हणून मीच मनगटाला धरून तिला ओढत आणली. ती लई रडली. त्याच साली, दिवाळीच्या आत, गेली. फोटो न काढताच आयुष्य कमी झालं. सतरा वर्षं मी तुला खोटं सांगितलं, आन् तू आईचं तोंड नियमावरनं काढाय बसलास. म्हणून काल दार लावून पदर खाली घेतला. सुंदरम्मानं दोरा ताणून धरला, मी आरशात बघून बोट ठेवत गेले. सारी गल्ली म्हणायची, मायाक्का म्हणजे तिची आई नागव्वाच दुसऱ्यांदा जन्माला आली. तर सोबत काळ्या लोकरीचा दोरा हाय. त्याचं टोक म्हणजे टाळू. पहिली गाठ केस सुरू होतात तितं, दुसरी भुवईवर, तिसरी डोळ्यांवर, चौथी नाकाच्या शेंड्यावर. हनुवटीची गाठ मारली न्हाय. दात गेल्यापासनं माझी हनुवटी नाकाच्या भेटीला निघालीय, ते माप खोटं येतं. पण नाकाखाली तू सगळा तिच्यावर गेलायस. तू जेवताना हसू दाबायचास, तवा मी चुलीकडं तोंड फिरवून बसायची, ते धुरामुळं नव्हे. आरसा घे, आन् शेवटची गाठ तूच मार.

तुझीच, उघड्या डोक्याची आजी,
नागव्वा