नंबराचं जहाज

माय, मिरची बाजारात मी हरवलो होतो तो दिवस परवा उगाच आठवला. मी नंदुरबारच्या त्या लाल ढिगांमागे शिंकत उभा आहे आणि तू पलीकडे "भाऊ, ओ भाऊ" करत फिरते आहेस. भाऊ कुठल्या घरात नसतो? भलतीच पोरं वळून बघतात. किराणा दुकानातले मारवाडी शेठ तुला म्हणतात, बाई, पोराचं नाव सांगा, गड्याला पुकारा करायला लावतो. तू पदर तोंडाशी धरून गप्प. शेवटी पुटपुटलीस की ते सासऱ्यांचं नाव आहे, तेव्हा शेठनी कपाळाला हात लावला. तुझा आवाज ओळखून मीच आलो म्हणून बरं, नाहीतर त्या नावापायी तू पोर गमावून बसली असतीस. आजोबा गेले त्याच वर्षी मी जन्मलो, आत्यानं त्यांचं नाव माझ्या कानात सांगितलं, आणि तुझं तोंड कायमचं बंद झालं. त्या संध्याकाळी चुलीपाशी मी भांडलो, की सगळ्यांच्या आया नावानं हाक मारतात, तूच का नाही. तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "मन्हा सासरानं नाव शे ते. मी कशी लेऊ, भाऊ?" आणि तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकलीस.

पुढे मी मुंबईच्या गोदीत वेल्डर झालो. लढाऊ जहाजं बांधतो म्हटल्यावर तू विचारलंस, इतकं लोखंड पाण्यावर राहतं कसं. हंड्यासारखं पोकळ असतं, असं मी समजावलं; तुला ते शेवटपर्यंत पटलं नाही. एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली. गोदीत जहाजालाही कुणी नावानं बोलवत नाही. घराएवढाले तुकडे क्रेननं आणून ठेवतात, आम्ही त्यांच्या पोटात शिरून सांधे जोडतो, घामानं निथळतो, आणि सगळा वेळ त्याला नुसत्या नंबरानं ओळखतो, शिव्याही नंबरालाच घालतो. पाण्यात उतरायच्या दिवशी एक बाई येतात, टोकावर नारळ फोडतात आणि मोठ्यानं नाव घेतात. बाईच नाव घेते, माय. मला दरवेळी तुझी आठवण यायची.

माझ्या शेवटच्या जहाजाला भंगारात गेलेल्या एका जुन्या जहाजाचं नाव दिलं. नौदलात तशी रीतच आहे. त्या जुन्या जहाजावर नोकरी केलेले एक म्हातारे खलाशी आले होते, नव्या पत्र्यावर हात फिरवत उभे होते. मी म्हटलं, काका, हे वेगळं जहाज आहे. ते हसून म्हणाले, "माहीत आहे रे. पण त्या नावानं हाक मारायला आता कुणीतरी आहे."

निवृत्त होऊन आपल्या गावी, रनाळ्याला परत आलो आणि मुलाला मुलगी झाली. माझी मुलगी तिची आत्या, तिनं ठरवलं की तुझंच नाव ठेवायचं. मी चिडलो, साफ नाही म्हणालो. उद्या दूध सांडलं की तुझ्या नावानं ओरडतील, ते मला कसं ऐकवेल? आणि त्याहून मोठी भीती होती. नाव दुसऱ्या कुणाचं झालं की तू पुरती जाशील, असं वाटत होतं. दोन दिवस अडून बसलो. मग त्या खलाशीकाकांचा पत्र्यावरचा हात आठवला, आणि मी हो म्हणालो.

आता ती रांगते. घरातले सगळे तिला नावानं बोलावतात, माझ्या तोंडून मात्र निघत नव्हतं. आईचं नाव मुलगा घेतो का कधी? काल ती रांगत दारापुढच्या ओट्याच्या कडेला पोचली, मी लांब होतो, आणि मी तुझं नाव ओरडलो. ती थांबली. मागे वळून बघितलं. मी धावत जाऊन तिला उचलून कडेवर घेतलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगतो. ती माझ्या कडेवर होती, पडायची भीती टळली होती, तरी मी तुझं नाव आणखी एकदा घेतलं. काही कारण नव्हतं.