ओढ्यात न गेलेलं पाणी

११ मे
खालच्या आळीतली, मासे पाळणारी कास्मिनाह आज थेट आमच्या टोफूच्या कारखान्यात शिरली. टोपलीभर मेलेले मासे माझ्या ओल्या फरशीवर ओतले! "घे, तळून खा, बू वुर्यानी! तुझ्याच पाण्यावर वाढलेत." गल्लीतले सगळे टोफूवाले दारात येऊन बघत होते.
हे म्हणाले, "तिच्या तळ्याचंच पाणी नासकं." टोफू दाबून निघालेलं आंबट पाणी आम्ही सगळे ओढ्यात सोडतो, आणि ओढा तिच्या तळ्यात जातो. हे काय यांना माहीत नाही?

१९ मे
वाडीप्रमुख पाक रेजोंकडे बैठक. एक मोठी बंद टाकी बांधायची, सगळ्यांचं आंबट पाणी तिच्यात, त्यातून निघणारा गॅस खालच्या आळीतल्या चुलींना. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे भाताला पादल्याचा वास!" हशा. हे उठले — "पाणी आपलं, टाकीला जागा आपली, आणि गॅस त्यांना?"
"इतकी वर्षं वास त्यांनीच घेतला ना!"
बोलून गेले मीच. घरी येताना हे दहा पावलं पुढे चालत होते.

२ ऑगस्ट
टाकी झाली, गॅस पेटला! पहिली शेगडी कास्मिनाहची. निळी, शांत ज्योत, वास अजिबात नाही. माझ्याकडे न बघता तिने कॉफी केली, पेला पुढे सरकवला. "साखर तुझी तू घाल."
प्याले. कडूच प्याले.

३० सप्टेंबर
ओढ्याचं पाणी नितळ झालंय, तळ दिसतो. बघत उभी राहिले.

१६ जानेवारी
दोन आठवड्यांपूर्वी हे कारखान्यात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आणलं, पण तोंड भिंतीकडे करून पडून असतात. जेवण पुढे केलं की, "ठेव तिथे." बाताम बेटावरून लेकीचा फोन — "आई, बंद कर ते सगळं. इकडे या दोघं." एकटीने एवढं सोयाबीन दळणं, उकळणं, गाळणं होणार नाही. मी हो म्हणाले.

२४ जानेवारी
भट्टी बंद आहे. आमचा कारखाना सगळ्यांत मोठा, त्यामुळे खाली शेगड्या मिणमिणतायत. संध्याकाळी कास्मिनाह दारात. "बू, पाणी नाही सोडलंस?"
मला हसू फुटलं! हसता हसता रडू आलं. हिनेच ना मेलेले मासे ओतले होते, सोडू नकोस म्हणून? तीही हसली, मग एकदम चिडली. "आम्हाला सवय लावलीस आणि आता निघालीस?"
"तुझे मासे जगतायत ना? बास की."
"माशांचं राहू दे. मला शिकव."
रात्रभर विचार करतेय. ओढ्यात सोडत होते तेव्हा ते पाणी माझं होतं, म्हणून पाप माझं. आता त्यावर दुसऱ्यांचा भात शिजतो. मग ते कुणाचं? फेकलेल्या वस्तूवर कुणाचा हक्क असतो, असा प्रश्नच मला कधी पडला नव्हता.

५ फेब्रुवारी
कास्मिनाह रोज पहाटे येते. हात चपळ, पण धीर नाही. सोयाचं दूध फाटायच्या आत ढवळते. आजचा टोफू इतका कडक की सुरी अडकली. यांच्यापुढे तुकडा नेला. यांनी बोटाने टोचून बघितला. "भिंत बांधायला दे." पडल्यापासून पहिल्यांदा थट्टा! कास्मिनाहने दारातून ऐकलं. यांना म्हणाली, "उठून दाखवा करून, पाक!" हे पुन्हा भिंतीकडे वळले.

२० फेब्रुवारी
सामान बांधलं. भट्टी, जातं, साचे कास्मिनाहच्या हवाली केले. कारखान्यातून निघताना मागे वळून बघितलं नाही. नाही म्हणजे, बघितलं.

२१ फेब्रुवारी
विमानतळाची गाडी दारात, आणि यांचं अंथरूण रिकामं! धावत कारखान्यात गेले. कास्मिनाह कढईपाशी, हे बाकावर, काठी आपटत — "अगं हळू! दूध आहे ते, कपडे धुतेयस का?" तीही तितक्याच जोरात ओरडत होती.
यांनी मला बघितलं. म्हणाले, "गाडी परत पाठव."